सवतीचा डोंगर

सवत मेलेली असली की तिच्याशी भांडता येत नाही, हे माझं खरं दुखणं. जिवंत असती तर चार शब्द सुनावले असते, चार ऐकून घेतले असते, मोकळी झाले असते. आमच्या सायोबाई पस्तीस वर्षांपूर्वी गेल्या, वय वर्षं चौतीस. तेव्हापासून चौतीसच आहेत. मी बेचाळिसाव्या वर्षी या घरात दुसरेपणावर आले आणि आज सहासष्टची झाले. माझे केस पिकले, दात गेले, कंबर धरली. तिच्या फोटोतल्या गालावर एक सुरकुती पडेल तर शपथ!

तो फोटो पितरांच्या देव्हाऱ्यात आहे. रोज सकाळी भाताचं झाकण उघडलं की पहिली वाफाळती वाटी तिची. मग कात्सुजींची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. मग माझी. चोवीस वर्षं हा क्रम आहे आणि तो मी एकदाही मोडलेला नाही. वाटी ठेवायची, घंटी वाजवायची, हात जोडायचे. मनात काय म्हणायचे ते मीच जाणे. मेली म्हणून शिवीसुद्धा घालता येत नाही हो, ती खरंच मेलेली!

फोटोत ती हसतेय आणि खांद्याच्या मागे डोंगरी साकुरा फुललाय. बागेतला नव्हे, डोंगरावरचा. ओळखायला सोपं आहे. बागेतल्या झाडाला आधी नुसती फुलं येतात, पानाचा पत्ता नसतो. डोंगरी झाड फुलांबरोबरच तांबूस कोवळी पानं काढतं. तिच्या खांद्यावर ती तांबूस पानं स्पष्ट दिसतात. तो फोटो कात्सुजींनी काढलेला. ती हसतेय ती त्यांच्याकडे बघून.

आमच्या मात्सुमोतोत बहर दोनदा येतो, आधी खाली शहरात आणि मग आठ-दहा दिवसांनी वर डोंगरावर. शहरातला बहर माझा. गल्लीतली सगळी मंडळी बागेत निळी ताडपत्री अंथरतात, चारी कोपऱ्यांवर सगळ्यांचे बूट ठेवतात, आणि सकाळी दहापासून खाणंपिणं सुरू होतं. लसणात मुरवून तळलेली कोंबडी माझी असते आणि ती सगळ्यांत आधी संपते. मोमोसे हे आमचं आडनाव; तिथे मी मोमोसेंची बायको असते. कात्सुजी दोन पेले साके प्यायले की गाणं म्हणतात, अगदी बेसूर. मी त्यांच्या पाठीत धपाटा घालते आणि लोक हसतात. पाकळ्या पेल्यात पडतात, केसांत पडतात, लोणच्यात पडतात, आणि कुणी काढतही नाही.

डोंगरावरचा बहर तिचा. लग्न ठरलं तेव्हाच कात्सुजींनी मला सांगितलं होतं. "वर्षातला एक दिवस मी वर जातो. सायोबरोबर जायचो. तुला चालेल ना?"

आणि मी, बेचाळीस वर्षांची घोडनवरी, नुकतं कुणीतरी विचारलंय या आनंदात, म्हणाले, "अवश्य जा हो! त्यात काय विचारायचं?"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. त्या एका वाक्याची किंमत मी चोवीस वेळा मोजली. दरवर्षी त्या दिवशी मी डबा भरते, आणि ते दरवाज्यात उभे राहून म्हणतात, "थोडं जास्तच दे." थोडं जास्त म्हणजे दुसऱ्या माणसाचं. मी तेही भरते. एका वर्षी त्या दुसऱ्या वाट्याच्या भातात मूठभर मीठ घातलं होतं. संध्याकाळी डबा रिकामा आला आणि कात्सुजी रात्रभर पाणी पीत राहिले. म्हणजे ते खातात दोघांचं! तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

यंदा बागेत ओगुची वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. वहिनींचा जावई पाथरवट आहे, थडग्यांचे दगड घडवतो. वहिनींनी नोझावानाच्या पाल्याच्या लोणच्याचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "मित्सुए, तुमचं थडगं नीट बसलं ना परत? थंडीच्या तोंडावर दगड उघडला की कधी कधी फट राहते म्हणे."

"कोणतं थडगं?"

"अगं, मोमोसेंचं. गेल्या शरदात नाही का उघडलं? कलश काढून वर मठात नेला ना तुम्ही?" आणि माझ्या तोंडाकडे बघून त्यांचे डोळे असे चमकले! "अगं बाई! तुला माहीत नव्हतं?"

"माहीत कसं नसेल?" मी म्हणाले. "आमच्याच घरातली गोष्ट."

"तेच म्हटलं. छान जागा आहे हो. झाडाखाली पुरतात हल्ली, दगड नको, काही नको, नुसता साकुरा. माझा जावई म्हणाला, दोघांची जागा घेतलीये मोमोसेंनी. किती विचार करतात बाई तुमचे हे!"

दोघांची. माझ्या हातातली जेवणाची काडी खाली पडली. समोर कात्सुजी गात होते, डोक्यावर पाकळ्या, नाक लाल. मी त्यांच्या पाठीत धपाटा घातला नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यांच्या मात्र आलं. गाणं अर्धवट सोडून ते माझ्याकडे बघू लागले.

घरी आल्यावर मी एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी भाजी आणायला जाते म्हणून निघाले आणि थेट आमच्या घराण्याच्या थडग्यापाशी गेले. पेट्रोल पंपाच्या मागे आहे ते, सूर्य तिथे दुपारी अर्धा तास येतो. बाजूच्या दगडावर नावं कोरलेली आहेत. सासऱ्यांचं, सासूबाईंचं. त्यांच्यामध्ये सायोचं नाव असायचं. तिथे आता ताजी घासलेली जागा होती, बोटाला खरखरीत लागणारी.

म्हणजे खरं होतं. सायो वर गेली, झाडाखाली, उन्हात. तिच्या शेजारी दुसरी जागा. आणि मी? मी इथे पेट्रोल पंपामागे, सासूबाईंच्या जोडीला, जगाच्या अंतापर्यंत!

सासूबाईंविषयी सांगायला हवं. अकरा वर्षं केलं मी त्यांचं. न्हाऊ घातलं, भरवलं, उलथंपालथं केलं. पहिली आठ वर्षं प्रत्येक घासाला "सायोच्या हातचं सूप असं नव्हतं." शेवटची तीन वर्षं त्यांना माणसं कळेनाशी झाली आणि त्या मलाच सायो म्हणू लागल्या. तेव्हा कुठे माझ्याशी गोड बोलल्या. माझा हात धरून म्हणायच्या, "सायो, ती दुसरी बाई गेली ना गं घरातून?" मी म्हणायचे, "गेली, आई. जेवा आता." स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचे आणि रडायचे. आणि आता त्या माउलीच्या कुशीत मला कायमचं निजवून आमचे हे डोंगरावर फुलं बघत पडणार!

आठवडाभर माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. पण मी मूग गिळून बसले. घरात विचारलं असतं तर ते "हं" म्हणाले असते, वर्तमानपत्र उलटलं असतं, आणि विषय संपला असता. त्यांना मी ओळखते. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस, वळण दिसलं की आधी वेग कमी करतो. मला त्यांना अशा जागी गाठायचं होतं जिथून वळायला रस्ता नाही.

वरचा बहर आल्याचं रेडिओवर सांगितलं त्या दिवशी मी पहाटे उठले आणि डबे भरले. भाताचे मुटके, अंड्याची गुंडाळी, लोणचं, आणि तळलेली कोंबडीसुद्धा, जी मी डोंगरासाठी आजवर कधीच केली नव्हती. कात्सुजी बूट चढवत होते.

"थोडं जास्तच दे," ते सवयीने म्हणाले.

"तिघांचं आहे," मी म्हणाले आणि माझे बूट पायांत चढवले.

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग डोंगरात अस्वलं दूर राहावीत म्हणून बांधायची खुंटीवरची घंटी काढून त्यांनी माझ्या पिशवीला बांधली. स्वतःच्या नाही, माझ्या.

बस शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. हा त्यांचाच जुना मार्ग, नवा चालक त्यांना वाकून नमस्कार करून गेला. तिथून पायवाट. चढ असा काही फार नाही, पण कात्सुजींचे गुडघे केव्हाच कामातून गेलेत. दर वीस पावलांवर थांबत होते. मी पुढे जाऊन उभी राहायचे आणि मागे वळून बघायचे नाही. घंटी मात्र माझीच वाजत होती, त्यामुळे मी कुठे आहे ते त्यांना कळत होतं.

आणि काय सांगू, वर जे होतं ते बघून मला रडूच आलं. रागाने. इतकं सुंदर असेल असं वाटलंच नव्हतं. बागेत झाडं रांगेत उभी असतात, एका वयाची, एका रंगाची, शाळेच्या गणवेशातल्या पोरींसारखी. इथे प्रत्येक झाड वेगळं. एक पांढरं, एक गुलाबी, एकाची पानं तांब्याच्या भांड्यासारखी, एक अजून मिटलेलंच. मध्ये मध्ये हिरवे देवदार. खाली शहर, आणि पलीकडे अजून बर्फाने पांढरी असलेली पर्वतांची रांग. वारा आला की फुलं नुसती खाली पडत नव्हती, दरीतून वर येत होती. आमच्या तोंडावर खालून वर पाकळ्या! समोरून आलेलं एक म्हातारं जोडपं म्हणालं, "आज अगदी भर बहर आहे हं, नशीबवान आहात!" कात्सुजींनी टोपी काढून मान लववली. मला त्या बाईची टोपी ओढून फेकावीशी वाटली.

चोवीस वर्षं! चोवीस वर्षं हा माणूस हे बघून घरी यायचा आणि मी विचारलं, "कसं होतं?" की म्हणायचा, "ठीक." ठीक! मला बागेतली ताडपत्री आणि हिला हे!

मठाची जागा देवळाच्या मागे उतारावर होती. गवत, त्यात अंतराअंतरावर कोवळे साकुरे, आणि प्रत्येकाच्या बुंध्याशी तळहाताएवढ्या दगडी पट्ट्या. कात्सुजी तिसऱ्या झाडाशी थांबले. पट्टीवर लिहिलं होतं, सायो. शेजारी दुसरी पट्टी, कोरी.

मी खाली बसले आणि तीन डबे उघडून मांडले. एक त्या पट्टीपुढे ठेवला. रीत म्हणजे रीत. मग विचारलं, "ही कोरी कुणाची?"

"तुला कुणी सांगितलं?"

"ओगुची वहिनींनी. सगळ्या गल्लीसमोर. ही कोरी कुणाची?"

त्यांनी अंड्याची गुंडाळी उचलली, परत ठेवली. "तिला ते थडगं आवडायचं नाही," ते म्हणाले. "आजारी होती तेव्हा म्हणाली होती, तिथे पेट्रोलचा वास येतो, मला वर ठेवा. मी हो म्हणालो. पण आई होती. आईला कसं सांगणार? मग आई गेली, आणि... मग तुला कसं सांगणार?"

"तोंडाने."

"हं."

"'हं' नको. तिला इथे आणलीत, चांगलं केलंत. मी असते तर मीही तेच मागितलं असतं. मी विचारतेय दुसऱ्या जागेचं. कुठे निजणार आहात तुम्ही? इथे की खाली?"

ते डब्यातलं लोणचं सारखं करू लागले. माझा आवाज चढला. "मी खाली आईंच्या शेजारी, आणि तुम्ही इथे हिच्या शेजारी, असंच ना?"

"नाही गं!" ते घाईघाईने म्हणाले. "तसं नाही. मी पुष्कळ विचार केला. वर्षभर करतोय. मला ठरवताच येईना, म्हणून इथल्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, अस्थी विभागून ठेवता येतात. खूप लोक करतात. थोड्या इथे, बाकी सगळ्या खाली. तुझ्याजवळ."

"थोड्या म्हणजे कोणत्या?"

आता ते खरोखरच वेग कमी करायला लागले. टोपी काढली, झटकली, घातली. "घशाचं हाड," ते म्हणाले. "तेवढंच. छोटंसं असतं."

आमच्याकडे कुणीही सांगेल, ते छोटंसं नसतं. दहनानंतर घरची माणसं काड्यांनी अस्थी उचलतात, पायांपासून सुरुवात करून वर वर, आणि सगळ्यांत शेवटी सर्वांत जवळचं माणूस घशाचं हाड उचलतं. ते हात जोडून बसलेल्या बुद्धासारखं दिसतं. ते कलशात सगळ्यांच्या वर ठेवतात. बाकीचं हाड म्हणजे हाड, पण ते म्हणजे माणूस.

"म्हणजे गाभा तिला आणि टरफलं मला!" मी ओरडले. देवळाच्या अंगणात झाडणारे गुरुजी थांबून बघू लागले, पण मला पर्वा नव्हती. "वा हो वा! मी काय कोबी निवडायला बसलेय? कोवळी पानं हिला, देठ मला!"

"हळू बोल. मेलेल्या माणसावर कुणी असं जळतं का?"

"मेलेल्यावरच जळतं! जिवंत असती तर म्हातारी झाली असती, तुम्ही तिच्यावरही खेकसला असतात, तिलाही 'ठीक' म्हणाला असतात. ती चौतीस वर्षांची हसत बसलीये आणि मी तिच्याशी चोवीस वर्षं शर्यत लावतेय. जळतंय मला, कात्सुजी. रोज जळतं. भाताची वाटी ठेवताना जळतं. तुम्ही झोपेत हसता तेव्हा जळतं, की हा आता कुणाबरोबर आहे. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं."

ते माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं मी हे बोलले नव्हते. हातातला भाताचा मुटका फुटून मांडीवर सांडला होता.

"आणि ऐका," मी म्हणाले. "हे गुडघे तिने कधी बघितले होते का? तिच्या वेळी तुम्ही हा डोंगर धावत चढत होतात. या गुडघ्यांना रात्री तेल कुणी चोळलं? तुमचा खोकला, तुमचं पथ्य, तुमची आई! तिच्या वाटणीला तरणा कात्सुजी आला, तो घेऊन गेली ती. म्हातारा माझा आहे. सगळा. घशाच्या हाडासकट."

कात्सुजींचे डोळे भरले. पण त्यांनी नुसती सायोच्या पट्टीवरची पाकळी बाजूला केली आणि तेवढ्याने मला कळायचं ते कळलं. तिच्याजवळ यायचा शब्द दिलेला असणार, तो ते मोडणार नव्हते. मला नाहीही म्हणणार नव्हते. मरेपर्यंत "हं" म्हणणार होते, आणि मेल्यावर अस्थी विभागताना कुणीतरी परक्याने माझा वाटा ठरवला असता.

गुरुजी झाडू भिंतीला टेकवून एका तबकात पेले घेऊन आले. खारवलेल्या साकुऱ्याच्या फुलांचं गरम पाणी होतं, पेल्यात फूल उमलून तरंगत होतं. त्यांनी सगळं ऐकलं असणार, पण चेहरा असा की जणू आत्ताच जागे झालेत.

"बहर छान धरलाय यंदा," ते म्हणाले.

"गुरुजी," मी विचारलं, "या झाडाखाली किती कलश मावतात?"

"दोन, बाई. दोघांचीच जागा आहे ही."

"तिसरा बसवता येणार नाही?"

"मुळांना त्रास होतो. नाही."

"आणि दुसरा कुणाचा, ते कुणी ठरवायचं?"

"ज्यांनी जागा घेतली त्यांनी. मोमोसेसाहेबांनी. नाव सांगितलं की आम्ही पट्टीवर कोरतो."

मी पेला खाली ठेवला. "मग माझं नाव कोरा. मित्सुए. जिवंत माणसाच्या नावात लाल रंग भरतात ना, तसा लाल भरा, अजून जिवंत आहे मी."

"अगं!" कात्सुजी एकदम गुडघ्यांवर उठले, आणि कळ आली तसे परत बसले. "तू? सायोच्या शेजारी?"

"का? तिची माझी ओळख नाही का? तुमच्यापेक्षा जास्त बोललेय मी तिच्याशी. तुम्ही वर्षातून एक दिवस, मी रोज सकाळी. आणि जागा अशी आहे की बहर दिसतो, दरी दिसते. मला आवडली. इतकी वर्षं मला न दाखवून तुम्ही लपवलीत, आता मी इथून हलणार नाही."

"आणि मी?"

"तुम्ही खाली. आईंजवळ. त्यांना फार आनंद होईल."

त्यांचं तोंड असं उतरलं की दुसरी वेळ असती तर मला हसू फुटलं असतं. शहात्तर वर्षांचा माणूस, शाळेत एकटाच मागे राहिलेल्या मुलासारखा बघत होता. एकदा सायोच्या पट्टीकडे बघितलं, एकदा कोऱ्या पट्टीकडे, एकदा माझ्याकडे. गुरुजी पेल्यातलं फूल न्याहाळत होते.

"मित्सुए," ते हळू आवाजात म्हणाले, "मी तिला सांगितलं होतं की मी येईन."

"या ना. कोण नको म्हणतंय? घशाचं हाड येईल."

"दोनच कलश मावतात. आत्ताच म्हणाले ना ते."

"दोनच राहतील. तुम्ही गेलात की ते हाड शेवटी मी उचलणार, बायको आहे मी, हक्क माझा. एका लहानशा मडक्यात घालून घरी ठेवणार, माझ्या उशाशी. आणि मी गेले की ते माझ्या कलशात, माझ्याच हाडांमध्ये. मग या तुम्ही वर. तिला भेटायचं तर माझ्यातून भेटावं लागेल." मी गुरुजींकडे वळले. "असं चालतं ना?"

"चालतं," गुरुजी म्हणाले. "कागद मात्र लागेल."

"आणा कागद."

ते आणायला गेले. वाऱ्याने पुन्हा दरीतून पाकळ्या वर आणल्या, उघड्या डब्यांत, पेल्यांत, कात्सुजींच्या टोपीवर. मग सायोपुढचा डबा कात्सुजींनी उचलला, त्यातला कोंबडीचा मोठा तुकडा काढला आणि माझ्या डब्यात ठेवला. तिच्या वाटणीतला, माझ्या डब्यात. मी तो तिथेच बसून खाल्ला आणि तिच्या पट्टीकडे बघत खाल्ला.

गुरुजींनी आणलेल्या कागदावर कात्सुजींनी दुसऱ्या रकान्यात माझं नाव लिहिलं. सावकाश लिहिलं, एकेक रेघ ओढत. मग लेखणी तशीच हातात धरून थांबले.

"आणि तू माझ्या आधी गेलीस तर?" त्यांनी विचारलं. "तर ते हाड कोण आणेल?"

"मी? तुमच्या आधी?" मी म्हणाले. "तुम्हाला दोघांना डोंगरावर एकटं सोडून? जीव गेला तरी नाही."